जुन्या पिकअपचं मॅन्युअल मोबाईलवर शोधताय? आधी हे वाचा

आमच्या घरी २००८ सालची महिंद्रा बोलेरो पिकअप आहे. कापूस सेलूला, भाजी वर्ध्याला आणि सणासुदीला कधीतरी नागपूरला, असं तिचं आयुष्य. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं आमचं केळझर लोकांना माहीत असतं ते सिद्धिविनायकाच्या मंदिरामुळे. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असं गावात सांगतात. म्हणजे बकासुराला गाडाभर अन्न पोचवायला भीम निघाला तो इथूनच. मालवाहतूक आमच्या गावाला नवी नाही!

तर दोन वर्षांपूर्वी आमच्या या गाडीच्या इंजिनमधून वरच्या बाजूने टकटक असा आवाज यायला लागला. बाबा म्हणाले, टॅपेट वाजून राहिले. नेहमीचे मिस्त्री काका कापसाच्या सीझनमध्ये ट्रॅक्टरच्या कामात अडकलेले. माझ्या हातात फोन होता आणि डोक्यात यूट्यूब. मी सर्च केलं, महिंद्राचं अडीच लिटर डिझेल इंजिन, वर्कशॉप मॅन्युअल, पीडीएफ. दहा मिनिटांत जाडजूड इंग्रजी पीडीएफ सापडली. त्यात टॅपेट गॅपचा तक्ताही होता. मित्राकडून फिलर गेज आणला, रविवारी दुपारी हेडचं वरचं कव्हर उघडलं आणि आठही टॅपेट तक्त्याप्रमाणे सेट केले. आवाज गायब. मी लगेच स्टेटसला फोटो टाकला.

तीन आठवड्यांनी पहाटे गाडीत वांगी आणि कोबी भरलेली, आणि गाडी स्टार्टच होईना. सेल्फ फिरतोय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, इंजिन काही पेटत नाही. उजाडलं, बाजाराची वेळ टळली. माल गावातच मिळेल त्या भावाने द्यावा लागला. मिस्त्री काकांनी येऊन कॉम्प्रेशन तपासलं तर दोन सिलिंडरमध्ये दमच नव्हता. हेड उतरवलं, तेव्हा दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडा जळालेल्या निघाल्या.

काकांनी माझा फोन मागितला. चष्मा वर करून तक्ता पाहिला, मग पीडीएफचं पहिलं पान पाहिलं आणि म्हणाले, "आकडा बरोबर हाये बाबू. गाडी चुकली."

हा लेख त्या एका वाक्यावर आहे.

‘अडीच लिटर’ ही ओळख नव्हे

मी जी पीडीएफ उतरवली होती ती प्यूजोच्या एक्सडी३पी या इंजिनाची होती. महिंद्राच्या जुन्या काही गाड्यांमध्ये या घराण्याची इंजिनं येत होती, त्यामुळे सर्चमध्ये ती वर आली. ते इंजिन २४९८ सीसीचं. आमच्या पिकअपचं इंजिन २५२३ सीसीचं. बोलताना दोन्हीला आपण ‘अडीच लिटर’ म्हणतो. दोन्ही डिझेल, दोन्ही चार सिलिंडर. माझ्यासारख्याला एवढं साम्य पुरेसं वाटलं.

आता आतली मापं बघा. एक्सडी३पीमध्ये सिलिंडरची रुंदी, म्हणजे बोअर, ९४ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास, म्हणजे स्ट्रोक, ९० मिलिमीटर. आमच्या इंजिनात बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६. एक आखूड आणि रुंद, दुसरं उंच आणि अरुंद. हेड वेगळं, व्हॉल्व्ह वेगळे, डिझेल पेटवायची पद्धतसुद्धा वेगळी: प्यूजोच्या इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात फवारलं जातं, आमच्या इंजिनात थेट पिस्टनवर. डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन ते हेच. इतकं सगळं वेगळं असताना टॅपेट गॅप सारखा कसा असेल?

८८.९ आणि १०१.६ हे आकडे विचित्र वाटतात ना? इंचात करून बघा. बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. फोनच्या कॅल्क्युलेटरवर हिशोब करता येतो: बोअरच्या निम्म्याचा वर्ग, गुणिले ३.१४१६, गुणिले स्ट्रोक, गुणिले चार सिलिंडर. उत्तर येतं २५२२.६ घन सेंटिमीटर, म्हणजेच २५२३ सीसी. घनइंचात तेच १५४. अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचं बीडी-१५४ नावाचं ट्रॅक्टर इंजिन नेमकं याच मापाचं होतं, आणि महिंद्राने १९६३ मध्ये ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली ती याच कंपनीसोबत. मी हे काकांना मोठ्या उत्साहाने सांगितलं, तर ते म्हणाले, "मंग मी काय म्हणून राहिलो? हे ट्रॅक्टरचंच इंजिन हाये. मले पुस्तक कायले पायजे?" आयुष्यभर ट्रॅक्टर उघडणाऱ्या माणसाला तो गॅप तोंडपाठ होता. मला नव्हता. म्हणून पुस्तक मला हवं, आणि ते बरोबर हवं.

सीसीचा हा हिशोब तुमच्या कामाचाही आहे. कुठल्याही पीडीएफच्या स्पेसिफिकेशन पानावर बोअर आणि स्ट्रोक असतोच. दोन मिनिटं गुणाकार करा आणि उत्तर तुमच्या आरसीवरच्या सीसीशी जुळवा. जुळलं नाही, तर ती पीडीएफ बंद करा. जुळलं तरी खात्री पूर्ण होत नाही, पण मी केलेली चूक तरी होणार नाही.

आवाज गेला, मग बिघडलं काय?

टॅपेट गॅप म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये मुद्दाम ठेवलेली फट. इंजिन तापलं की दांडी लांबते, त्या लांबीला जागा हवी. फट जास्त असेल तर रॉकर दांडीवर आपटतो आणि टकटक ऐकू येते. फट कमी असेल तर आवाज येत नाही, पण इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पूर्ण टेकतच नाही. व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः त्या सीटमधूनच हेडमध्ये उतरते. टेकला नाही तर थंड होत नाही, आणि उरलेल्या फटीतून पेटलेला गॅस निसटत राहतो. हळूहळू कड जळते. मग कॉम्प्रेशन गळतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेटतं. त्यामुळे कॉम्प्रेशन गेलं की थंड पहाटे गाडी स्टार्ट होत नाही.

म्हणजे मी ज्या शांततेचा फोटो स्टेटसला टाकला होता, तीच बिघाडाची सुरुवात होती. वाजणारा टॅपेट चीड आणतो, मुका टॅपेट व्हॉल्व्ह खातो. चुकायचंच असेल तर थोडं सैल चुकलेलं बरं, असं काका म्हणतात. अर्थात न चुकणं त्याहून बरं.

तक्त्यात आणखी एक शब्द माझ्या नजरेतून सुटला होता. गॅप थंड इंजिनवर मोजायचा की गरम, हे तिथे लिहिलेलं असतं. आकड्याइतकाच तो शब्दही महत्त्वाचा. फोनवर झूम करून फक्त आकडा वाचला की हे असं होतं.

पुस्तकं तीन प्रकारची असतात

‘मॅन्युअल’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू येतात.

गाडीसोबत मिळतं ते ओनर्स मॅन्युअल. त्यात इंजिन ऑइल कुठल्या ग्रेडचं आणि किती, टायरमध्ये हवा किती, सर्व्हिस कधी, फ्यूज कुठला, एवढं असतं. चालू मॉडेलची ही पुस्तकं बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. टॅपेट, हेड बोल्ट, क्राऊन-पिनियन यांचं त्यात काही शोधू नका.

दुसरं वर्कशॉप मॅन्युअल किंवा सर्व्हिस मॅन्युअल. हे गॅरेजसाठी असतं. कुठला बोल्ट किती टॉर्कने आवळायचा, कुठल्या क्रमाने, कुठला भाग किती झिजला की बदलायचा, हे सगळं इथे. आपल्याला बहुतेक वेळा हेच हवं असतं आणि नेमकं हेच मिळत नाही.

तिसरं पार्ट्स कॅटलॉग. तरुण मंडळी याच्याकडे दुर्लक्ष करतात, पण माझ्या मते जुन्या गाडीसाठी हे सगळ्यात उपयोगी. प्रत्येक जोडणी सुटी करून काढलेली चित्रं आणि प्रत्येक तुकड्याचा नंबर. दुकानदार "हेच बसते" म्हणाला तरी खोक्यावरचा नंबर कॅटलॉगशी जुळवता येतो. कुठल्या चेसिस नंबरपासून भाग बदलला, हेही कधी कधी तिथेच कळतं.

आधी गाडीची ओळख पटवा

डिजिलॉकर किंवा एमपरिवाहनमध्ये तुमच्या गाडीची आरसी उघडा. तिथे चेसिस नंबर, इंजिन नंबर, उत्पादनाचा महिना-वर्ष, सीसी आणि वजनं मिळतात. मग गाडीपाशी जाऊन चेसिसवर कोरलेला नंबर पुसून घ्या, फोटो काढा आणि आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. वीस वर्षांच्या गाडीत इंजिन एकदा तरी बदललेलं असू शकतं. तसं असेल तर आरसीवरचं इंजिन आणि बॉनेटखालचं इंजिन वेगळं निघेल, आणि मॅन्युअल तुम्हाला बॉनेटखालच्या इंजिनाचं लागेल. (आरसीवर ते बदललेलं नसेल तर आरटीओचं कामही लागेल, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. फोटोत ‘ओ’ वाटलं तर ते शून्य समजा. पहिल्या तीन अक्षरांवरून कंपनी कळते: एम-ए-१ असेल तर महिंद्रा, एम-ए-टी असेल तर टाटा. बऱ्याच गाड्यांत दहावं अक्षर वर्षाचं असतं. २००१ ते २००९ साठी १ ते ९ आकडे, २०१० साठी ए, २०११ साठी बी, असं पुढे. आमच्या गाडीत तिथे ८ आहे. सगळ्या कंपन्या हा क्रम सारखाच पाळतात असं नाही, म्हणून आरसीवरच्या वर्षाशी पडताळून बघा.

वर्षाला एवढं महत्त्व का? प्रदूषणाच्या नियमांमुळे. चारचाकींसाठी देशभर बीएस-३ आलं २०१० मध्ये, बीएस-४ आलं एप्रिल २०१७ मध्ये, बीएस-६ एप्रिल २०२० मध्ये. प्रत्येक टप्प्यावर नाव तेच राहिलं तरी आतलं बरंच बदललं. आमच्या गाडीचा डिझेल पंप पूर्ण मेकॅनिकल आहे. त्याच नावाच्या नंतरच्या पिकअपमध्ये कॉमन रेल आणि कॉम्प्युटर आहे. त्यामुळे मोबाईलला ब्लूटूथने जोडायचा तो छोटा ओबीडी स्कॅनर आमच्या गाडीत लावायला सॉकेटच नाही. मित्राने हौसेने मागवला, आता तो ड्रॉवरमध्ये आहे. तुमची गाडी कॉमन रेलची असेल तर स्कॅनर जरूर वापरा, पण एक गोष्ट लक्षात ठेवा: इंजिन चालू असताना डिझेलच्या प्रेशर पाइपचा नट कधीही सैल करू नका. जुन्या मिस्त्रींना मेकॅनिकल पंपावर ती सवय असते. कॉमन रेलमधला दाब एक हजार बारच्या वर जातो आणि त्या दाबाची बारीक धार कातडीच्या आत शिरते.

नावाचा आणखी एक सापळा आहे. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत ‘महिंद्रा पिक-अप’ या नावाने विकली गेली ती गाडी स्कॉर्पिओवर आधारलेली, आपल्याकडे तिला स्कॉर्पिओ गेटअवे म्हणायचे. इंटरनेटवर इंग्रजीत सर्च केलं की तिचीही कागदपत्रं समोर येतात. नाव तंतोतंत जुळतं, गाडी वेगळीच.

आकड्यापुढचं एकक वाचा

बोल्टचा टॉर्क तीन एककांत लिहिलेला सापडतो: न्यूटन-मीटर, किलोग्रॅम-मीटर आणि फूट-पाउंड. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर. १ फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर. पहिल्या दोघांत गोंधळ झाला तर फरक दहापटीचा पडतो, तो लगेच लक्षात येतो. धोका खरा आहे तो न्यूटन-मीटर आणि फूट-पाउंडमध्ये. समजा पुस्तकात ८० न्यूटन-मीटर लिहिलंय आणि तुम्ही टॉर्क पान्यावर फूट-पाउंडच्या बाजूने ८० लावलं, तर बोल्टवर जवळपास १०८ न्यूटन-मीटर पडतील. बोल्ट त्याच क्षणी तुटेलच असं नाही. तो ताणला जाईल आणि नंतर कधीतरी भरल्या गाडीत, उतारावर, तुटेल. उलट चूक केली तर नट सैल राहील. टॉर्क पान्यावर बहुतेक वेळा दोन्ही मापं कोरलेली असतात, म्हणून पाना हातात घेतल्यावर आधी त्याची कुठली बाजू वाचताय ते बघा.

फिलर गेजचंही तसंच. काका "बारा थाऊ" म्हणतात तेव्हा त्यांना इंचाचा बारा हजारावा भाग नाही, तर बारा हजारांश इंच म्हणायचं असतं, म्हणजे साधारण ०.३० मिलिमीटर. पत्तीवर दोन्ही आकडे असतील तर उत्तम, नाहीतर हजारांश इंचाला ०.०२५४ ने गुणा.

फोनवर आम्ही काय करतो

अख्खी पीडीएफ ठेवतो, स्क्रीनशॉट नाही. स्क्रीनशॉटमध्ये आकडा राहतो आणि तो कुठल्या इंजिनाचा हे सांगणारं पहिलं पान जातं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारे बहुतेक ‘टॉर्क चार्ट’ असेच अनाथ असतात. स्कॅन केलेल्या जुन्या पानांवर दशांश चिन्ह पुसलेलं असतं, ३ आणि ८ सारखे दिसतात. गूगल लेन्सने मजकूर उचलला तर लेन्सही तिथेच चुकते. म्हणून संशय आला की त्याच पुस्तकात दुसऱ्या ठिकाणी तोच आकडा शोधतो. सर्व्हिसच्या प्रकरणात आणि शेवटच्या तक्त्यात तो बऱ्याचदा दोनदा दिलेला असतो.

एआय चॅटबॉटला विचारता येतं का? येतं. मी इंग्रजी पानांचा अर्थ लावायला त्याची मदत घेतो आणि ती चांगली होते. पण थेट आकडा विचारला की तो इतक्या ठामपणे सांगतो की माझी ती पहिली पीडीएफ आठवते. आकडा पानावर बोट ठेवून दाखवता आला पाहिजे, नाहीतर तो घ्यायचा नाही.

आणि मॅन्युअल म्हणून कोणी एपीके फाइल पाठवली तर उघडू नका. पुस्तक इन्स्टॉल करावं लागत नाही.

मुळात हे सगळं एवढं अवघड का? कारण वर्कशॉप मॅन्युअल कंपन्या बराच काळ आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरपुरतीच ठेवत आल्या. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची साधनं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. मग २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. शोधाची सुरुवात तिथून करायला हरकत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या पिकअपचं पुस्तक तिथे मिळेल अशी मोठी आशा मात्र ठेवू नका. आम्हाला आमचं मिळालं ते काकांच्याच ओळखीतल्या एका जुन्या गॅरेजवाल्याकडे, ऑइलचे डाग पडलेलं, कव्हर फाटलेलं. मी दोन संध्याकाळी बसून त्याचं एकेक पान फोनने स्कॅन केलं. पहिल्या पानासकट.

हेड परत बसवताना काकांनी मला शेजारी उभं केलं होतं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, एकदम नाही तर टप्प्याटप्प्याने. ते आवळत होते आणि मी पुस्तकातला क्रम मोठ्याने वाचत होतो. एका ठिकाणी त्यांचा क्रम आणि पुस्तकाचा क्रम वेगळा निघाला. ते थांबले, फोन हातात घेऊन चित्र पाहिलं, आणि पुस्तकाप्रमाणे पुढे गेले. बोलले काही नाहीत.

परवा त्यांचाच व्हॉट्सअ‍ॅप आला. गॅरेजवर एक टाटा २०७ डीआय आली आहे, हेडचं काम आहे. इंजिनाचं नाव ४९७, म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर. स्ट्रोक १०० धरून मी गुणाकार केला, २९५६ सीसी, आरसीशी जुळतंय. "पान शोध," एवढाच मेसेज होता, पण त्याआधी त्यांनी न सांगता तीन फोटो पाठवले होते: चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि आरसी. पार्ट्स कॅटलॉग मिळालाय. वर्कशॉप मॅन्युअल अजून शोधतोय, आणि तोवर हेड बाकावर ठेवलेलं आहे.